मस्टरवरचं नाव : रोजगार हमीची गोष्ट, गावापासून दिल्लीपर्यंत आणि परत



गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता यांवर बोलतो. आज थोडी जुनी गोष्ट सांगणार आहे. जुनी असली तरी तिचा शेवट अजून व्हायचा आहे, आणि तो आपल्याही हातात आहे. ही गोष्ट रोजगार हमीची.

सुरुवात घरापासून करते. मतदार यादी सोडली तर माझ्या आजीचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा लागलं ते १९७२ च्या दुष्काळात, खडी फोडण्याच्या कामावरच्या मस्टरवर. सातबारा आजोबांच्या नावावर होता, घराचा उताराही त्यांच्याच. मस्टरवर मात्र आजीचं नाव वेगळं, तिचा अंगठा वेगळा आणि तिची मजुरी वेगळी. माझे वडील तेव्हा तान्हे होते. बाभळीला झोळी बांधून त्यांना तिच्यात झोपवायचं, पाळी-पाळीने बायकांनी लक्ष ठेवायचं आणि खडी फोडायची. मिलोची लाल ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी, यांवर ते वर्ष निघालं. आजी म्हणायची, “दुष्काळ लई वाईट होता, पर त्या सालात माझा पैसा माझ्या हातात आला.”

ही मजुरी तिच्या हातात कशी आली? कुणी दिली? तिच्यामागे तीन सरकारं उभी होती : गावचं, मुंबईचं आणि दिल्लीचं. ती तिघं एकमेकांना कशी जोडली गेली आणि जोड कुठे सुटला, हेच आज पाहायचं आहे. कारण जोड सुटतो तेव्हा पहिली मजुरी बुडते ती बाईची.

विसापूरचा प्रयोग

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर नावाचं गाव आहे. विठ्ठल सखाराम पागे, म्हणजे वि. स. पागे, या भागातले. स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, संत साहित्याचे अभ्यासक. १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षं ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसूनही त्यांच्या डोक्यात गावचाच प्रश्न घोळत होता. शेतात चार-सहा महिने काम असतं, उरलेल्या दिवसांत मजुराने काय खायचं? आणि गावात बांधबंदिस्तीची, विहिरींची, रस्त्यांची इतकी कामं पडून असताना माणसं रिकामी का?

१९६५ च्या सुमारास त्यांनी विसापूर भागात हा हिशेब करून पाहिला. गावात काम मागणारे किती, कोणती कामं करण्यासारखी आहेत, त्यांना पैसा किती लागेल. हिशेब जमतो असं दिसल्यावर त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे तो मांडला. मग १९६९ मध्ये निवडक गावांत प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर लागू करण्याचं ठरलं.

इथे एक गोष्ट मनात ठेवा. ही योजना दिल्लीत किंवा मुंबईत बसून सुचलेली नाही. एका गावच्या शिवारात तिचा हिशेब झाला. राज्य सरकारने तो ऐकला, छोट्या जागी करून पाहिला आणि मग मोठा केला. धोरण बदलायची ही रीत चांगली आहे. आपणही गटात नवा धंदा सुरू करताना आधी पाच-सहा जणींनी करून बघतो, तसंच हे.

बहात्तरचा दुष्काळ

योजना कागदावर आली आणि आभाळ फाटलं. पाऊस दोन-तीन वर्षं कमी होत चालला होताच, १९७२ ला तो जवळजवळ आलाच नाही. आपला उस्मानाबाद जिल्हा, बीड, औरंगाबाद, अहमदनगर, सोलापूर, पुणे हा पट्टा सगळ्यात जास्त होरपळला. आपल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या जुन्या बायकांना विचारा, त्या साल सांगत नाहीत, नुसतं “बहात्तरचा” म्हणतात.

नवी योजना बाजूला ठेवून सरकारला सरसकट दुष्काळी कामं काढावी लागली. पाझर तलाव, नालाबांध, शेताचे बांध, रस्ते, खडी. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पन्नास लाख! त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. एवढा मोठा दुष्काळ पडूनही पूर्वीसारखी माणसं उपासमारीने हजारोंनी मेली नाहीत, याचं मोठं कारण ही कामं होती. देशोदेशीच्या अभ्यासकांनी या गोष्टीची नोंद घेतली आहे.

हे काम एकट्या कुणाचं नव्हतं. काम कुठे काढायचं हे तहसील आणि जिल्हा परिषदेला माहीत. मजुरीचा पैसा आणि माणसं राज्य सरकारची. धान्य आणि मदतीचा मोठा भाग केंद्राचा. केंद्राकडून येणारं धान्य मागणीपेक्षा कमी पडायचं, त्यावरून मुंबई आणि दिल्ली यांच्यात ओढाताण व्हायची. तरी गाडा चालला, कारण खालून रेटा होता. गावोगावी मजुरांचे मोर्चे तहसीलवर जात होते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तिकडे शहाद्याला श्रमिक संघटना आदिवासी मजुरांना एकत्र करत होती. सरकारांमधला समन्वय हा नुसता साहेबांच्या बैठकीत होत नाही. खालचा माणूस मागत राहिला, तरच वरचे एकमेकांशी बोलतात.

मेहेरबानीचा झाला हक्क

पाऊस आला, दुष्काळी कामं बंद झाली आणि रोजगार हमी पुन्हा सुरू झाली. पण योजना म्हणजे सरकारची मर्जी. आज आहे, उद्या नाही. म्हणून कायदा हवा होता. १९७७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी मिळून.

यात दिल्लीचा संबंध पुन्हा आला. राज्यघटनेत कामांच्या तीन याद्या आहेत : काही विषय केंद्राचे, काही राज्यांचे आणि काही दोघांचे. दोघांच्या यादीला समवर्ती सूची म्हणतात. रोजगार आणि बेरोजगारी हा विषय त्या सामाईक यादीत आहे. या कायद्याला राष्ट्रपतींची संमती घेतली गेली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात शासनाने कामाचा हक्क मिळवून देण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावरून कोर्टात जाता येत नाही. महाराष्ट्राने त्या तत्त्वाचा कायदा केला. हे करणारं देशातलं हे पहिलं राज्य.

कायद्यात काय होतं? गावात राहणाऱ्या, अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेल्या प्रत्येक प्रौढ माणसाने काम मागितलं, तर १५ दिवसांत काम द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता. कामावर पिण्याचं पाणी, सावली, औषधपेटी आणि लेकरांना सांभाळायची सोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाई आणि पुरुष यांना कामाचा एकच दर. त्या काळात शेतावर बाईला गड्याच्या निम्म्याच्या आसपास मजुरी मिळायची. म्हणून बायका या कामावर मोठ्या संख्येने आल्या. कितीतरी वर्षं रोहयोच्या कामांवर चाळीस टक्क्यांहून जास्त हजेरी बायकांची होती. विधवा, टाकलेल्या, भूमिहीन बायकांना दुसऱ्याच्या बांधावर हात पसरण्यापेक्षा हे काम मानाचं वाटे.

पैसा कुणी दिला?

हा प्रश्न गटातल्या बाईला लगेच पडतो, कारण आपल्याला माहीत आहे की ठराव करणं सोपं असतं, वर्गणी काढणं अवघड.

महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून, दुकानदार, डॉक्टर, वकील यांच्याकडून दर वर्षी थोडी रक्कम. त्याच्या जोडीला वाहन कर, विक्री कर, बागायती जमीन यांवरचे जादा कर. या करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. तो सगळा रोजगार हमी निधी. म्हणजे मुंबईतल्या गिरणीच्या बाबूच्या पगारातून निघालेला रुपया आपल्या डोंगरातल्या पाझर तलावावर येत होता. शहराने खेड्याला दिलेली ही उसनवारी नव्हती. खेड्यातला मजूर जगला, तर तो लोंढ्याने शहराकडे येणार नाही, हे शहरालाही कळत होतं.

यातही केंद्र आलंच. राज्यघटनेने या कराला वर्षाला माणशी २५० रुपयांची मर्यादा घातली होती. महागाई वाढली, २५० रुपयांना काही अर्थ उरला नाही. मर्यादा वाढवायची तर घटना बदलायला हवी, आणि ते राज्याच्या हातात नाही. १९८८ मध्ये संसदेने साठावी घटनादुरुस्ती करून ती २,५०० रुपये केली. पाहा, खेड्यातल्या बाईच्या मजुरीसाठी लागणारा कर राज्य गोळा करतं, पण किती गोळा करायचा याचं कुलूप दिल्लीकडे.

जोड कुठे सुटला?

आता गोड बाजूबरोबर कडूही सांगते.

पहिली गोष्ट. ही योजना गावातून निघाली, पण गावाच्या हातात राहिली नाही. काम ठरवायचे जिल्हाधिकारी आणि तहसीलदार, करायचं पाटबंधारे, मृद्‌संधारण, वन, बांधकाम अशा खात्यांनी. ग्रामपंचायतीला विचारणं फारसं नव्हतंच. ५० मजूर जमल्याशिवाय काम निघत नसे. रस्ता खडीचा व्हायचा आणि पुढच्या पावसात वाहून जायचा, कारण तो टिकवायची जबाबदारी कुणाचीच नाही. खोटी मस्टरं, खोटी मोजमापं यांच्या तक्रारी सतत होत्या. आमच्याकडे अजूनही कुणी न आलेल्या माणसाची हजेरी लावली, की त्याला “कागदावरचा मजूर” म्हणतात.

दुसरी गोष्ट. १९८८ मध्ये किमान वेतन वाढलं आणि रोहयोची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. चांगलंच झालं. पण त्यानंतर कामांवरची हजेरी खाली आली. मजुरी वाढली तर खर्च वाढणार, म्हणून कामं कमी निघू लागली, असं अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. कायद्यात हक्क तोच होता. अर्ज घेतला नाही, काम उघडलं नाही, तर हक्क कागदावर राहतो. एक हात वाढवतो आणि दुसरा आखडतो, अशी ही तऱ्हा.

तिसरी गोष्ट बायकांच्या कामाची. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, विहिरी झाल्या. डाळिंब, आंबा, बोर यांच्या बागा उभ्या राहिल्या, महाराष्ट्राचं फळांचं नाव झालं. पण बाग कुणाच्या शेतात? ज्याचा सातबारा त्याच्या. खड्डे खणणाऱ्या बाईच्या नावावर जमीन कुठे होती? तिला मजुरी मिळाली, मालकी मिळाली नाही. म्हणून मी प्रत्येक बैठकीत सांगते, घराच्या उताऱ्यावर आणि सातबाऱ्यावर नाव लावून घ्या. सरकारी योजना जमिनीच्या मागे जाते.

गावाला पुन्हा अधिकार

त्याच काळात दुसरीकडून एक वाट येत होती. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या होत्या. १९९० मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा दिल्या. १९९२ मध्ये संसदेने ७३ वी घटनादुरुस्ती केली, ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. त्यामुळे ग्रामसभेला घटनेत स्थान मिळालं आणि देशभर बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. इथेही तेच दिसतं : राज्याने आधी केलं, केंद्राने ते देशभर नेलं, मग राज्य आणखी एक पाऊल पुढे गेलं. आज आपल्या तालुक्यात बाई सरपंच दिसते, ती या देवघेवीतून.

दिल्लीचा कायदा

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्याचा पाया महाराष्ट्राचा होता, पण महाराष्ट्रात जे चुकलं ते पाहून नव्या गोष्टीही घातल्या होत्या. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगावी जनसुनावण्या घेतल्या होत्या. मस्टर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं आणि विचारायचं, हा माणूस खरंच कामावर होता का? त्यातूनच सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावाने स्वतः हिशेब तपासणं, ही गोष्ट या कायद्यात आली. निम्म्याहून कमी नाहीत इतकी कामं ग्रामपंचायतीकडून व्हावीत, कामांची यादी ग्रामसभेने ठरवावी, काम मिळणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बायका असाव्यात, असंही त्यात आलं.

२ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत सुरुवात झाली आणि १ एप्रिल २००८ पासून देशातल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत. २००९ मध्ये योजनेला महात्मा गांधींचं नाव मिळालं.

महाराष्ट्राचा तर स्वतःचा कायदा होता. मग काय करायचं? दिल्लीच्या कायद्यातच सोय होती, की राज्याचा कायदा तितकाच चांगला किंवा जास्त चांगला असेल, तर राज्याने तोच चालवावा आणि केंद्राने पैसे द्यावेत. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपल्या १९७७ च्या कायद्यात सुधारणा केली आणि दोन्हींचा मेळ घातला. वाटणी अशी झाली : एका कुटुंबाला वर्षात १०० दिवसांपर्यंतची अकुशल मजुरी केंद्राची. साहित्याच्या खर्चात केंद्राचे तीन वाटे, राज्याचा एक. १०० दिवसांच्या पुढे काम मागितलं तर खर्च राज्याचा. बेकारी भत्ताही राज्यानेच द्यायचा. तहसीलदार तालुक्याचे कार्यक्रम अधिकारी, गटविकास अधिकारी त्यांच्या जोडीला, आणि गावात ग्रामरोजगार सेवक.

वाटणी चांगली होती, पण बायकांसाठी एक फरक पडला. जुना हक्क माणसागणिक होता. केंद्राचे १०० दिवस कुटुंबागणिक होते. जॉबकार्ड घरटी एक. घरात दिवस वाटले जातात तेव्हा गड्याचे आधी मोजले जातात, हे वेगळं सांगायला नको.

मागितलं नाही तर मिळत नाही

आता आपल्याच तालुक्यातली गोष्ट. गावाचं नाव घेत नाही. तिथल्या दोन गटांतल्या १७ बायकांनी एका उन्हाळ्यात काम मागितलं, तोंडी. “सांगतो साहेबांना” असं उत्तर मिळालं. महिना गेला, दोन गेले. पेरण्या आल्या. सोयाबीनची खुरपणी झाली, काढणी झाली आणि दसरा झाल्यावर त्यातल्या नऊ जणी घरच्यांबरोबर कोयता घेऊन उसतोडीला गेल्या. लेकरांच्या शाळा सुटल्या. गटाचे हप्ते थकले. मी समन्वयक म्हणून हिशेब घ्यायला गेले, तेव्हा कळलं की कार्यालयाच्या दप्तरी त्या गावातून कामाची मागणी शून्य. कुणी मागितलंच नव्हतं! राज्याला वाटलं गावात काम नको आहे, दिल्लीला वाटलं महाराष्ट्राच्या या कोपऱ्यात मजूर नाहीत.

दुसऱ्या वर्षी आम्ही लेखी अर्ज भरले. एकीला सही येत नव्हती, तिने अंगठा दिला. अर्जावर तारीख घातली आणि पोच मागितली. पोच द्यायला टाळाटाळ झाली, आम्ही बसून राहिलो. दुपारी तीनला पोच मिळाली. अठराव्या दिवशी नाला खोलीकरणाचं काम निघालं. १५ दिवस उलटून तीन दिवस झाले होते, त्या तीन दिवसांचा भत्ता काही मिळाला नाही. मजुरीही दीड महिना उशिरा आली, एकीच्या खात्याचा आधारशी मेळ बसत नव्हता म्हणून तिची तर तीन महिने अडकली. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या साली नऊपैकी सहा जणी उसाला गेल्या नाहीत.

मैत्रिणींनो, यातून मला एक गोष्ट कळली. केंद्र पैसा मंजूर करत आलं ते राज्याच्या अंदाजावरून. राज्य अंदाज करतं तो तालुक्याच्या आकड्यावरून. तालुका आकडा देतो तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यावरून आणि आपल्या अर्जांवरून. तीन सरकारांच्या या साखळीची पहिली कडी म्हणजे आपला अर्ज आणि त्याची तारीख घातलेली पोच. पोच नसेल तर १५ दिवस कधीपासून मोजायचे, हेच ठरत नाही.

आता पुढे काय?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या राष्ट्रीय कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. त्याचं नाव विकसित भारत गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन, ग्रामीण. त्यात कुटुंबाला १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. पेरणी-काढणीच्या ऐन हंगामात मिळून ६० दिवस कामं बंद ठेवता येतील. पैशाची वाटणीही बदलली आहे : आपल्यासारख्या राज्यांत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. राज्याला वर्षाला किती पैसा मिळेल हे केंद्र आधीच ठरवणार, त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा.

काही जण म्हणतात, दिवस वाढले, चांगलं झालं. काही म्हणतात, राज्यावरचा बोजा वाढला म्हणजे कामं आखडली जातील. दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं जाणती आहेत. मी इतिहासाकडे बोट दाखवते. १९७५ मध्ये महाराष्ट्राने कुणाच्या पैशाची वाट न बघता स्वतः कर बसवून निधी उभा केला. मनात आणलं तर राज्याला ४० टक्के जड नाहीत. आणि १९८८ नंतर काय झालं तेही आपण पाहिलं : खर्च वाढला की कामं गुपचूप कमी होतात, कायदा न बदलता. म्हणजे दिवस १०० असोत की १२५, अर्ज घेतला जातो का आणि काम उघडतं का, यावर डोळा ठेवायचा आहे. तो डोळा आपला.

म्हणून चार गोष्टी सांगते, वहीत लिहून घ्या.

पहिली, ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिचं नाव कागदावरच राहू देऊ नका. गटाने आपला गरिबी निर्मूलनाचा आराखडा तिथे वाचावा आणि ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालायला लावावा. कोणता नाला, कोणता बांध, कुठे सावलीची झाडं, हे आपल्याला साहेबांपेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरी, काम मागाल तर लेखी मागा आणि तारखेची पोच घ्या. दहा जणींनी मिळून मागितलं, तर नाकारणं अवघड जातं.

तिसरी, घरच्या जॉबकार्डावर आपलं नाव आहे का, खातं आपल्या नावाचं आहे का, ते आधारशी जोडलेलं आहे का, हे हंगामाआधीच बघा. कामावर गेल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

चौथी, हिशेब वाचला जाईल त्या दिवशी जा. मस्टर मोठ्याने वाचा म्हणा. शेजारणीचं नाव दोनदा आलं किंवा पुण्याला गेलेल्या माणसाची हजेरी लागली, तर तिथेच बोला. गावात बोललो तर वाईटपणा येतो, हे मला माहीत आहे. म्हणून एकटीने बोलू नका, गटाने बोला.

वि. स. पागे विसापूरच्या शिवारात हिशेब करत होते, तेव्हा त्यांच्याकडे कायदा नव्हता, निधी नव्हता. गावात कामाची गरज कुणाला आहे, एवढं त्यांना माहीत होतं आणि ते त्यांनी कागदावर मांडलं. तोच कागद मुंबईला गेला, दिल्लीला गेला आणि वळून आपल्या ग्रामपंचायतीच्या दारात आला. पुढचा कागद आता आपण लिहायचा आहे.

माझ्या आजीचं नाव मस्टरवर लागलं, तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. मुकादमाने हाक मारली की तिला कळायचं, आपलं नाव आहे. आपल्याला वाचता येतं. येत्या ग्रामसभेला जाऊन वाचा, आणि नसेल तर लावून घ्या.

पुन्हा भेटू. नमस्कार.